पप्पांचं नाक

मला वास येत नाही. त्या मोठ्या साथीत ताप येऊन गेला, घरातल्या सगळ्यांची नाकं महिन्या-दोन महिन्यांत ताळ्यावर आली, माझं तेवढं आलं नाही ते नाहीच. डॉक्टर म्हणतात, येईल आजी हळूहळू. कसलं येतंय! डाळ करपली तर समोरच्या फ्लॅटमधली बाई बेल वाजवून सांगते. आमच्या सावेडीच्या घरासमोर सोसायटीनं रातराणी लावली आहे. येणारा-जाणारा म्हणतो, काय घमघमाट सुटलाय. मी आपली हो हो म्हणते. न म्हणून करते काय?

परवा माझी नात रिया पुण्याहून आली. तिथं नोकरी करते, शनिवार-रविवार इकडं असते. आल्या आल्या माझ्या पुढ्यात एक चकचकीत पाकीट नाचवलं. "आजी, ओळख काय आणलंय! तू सारखी सांगत असतेस ना तुझ्या पप्पांच्या धुरावलेल्या बरगड्या? त्याच. स्मोक्ड रिब्स." तिनं त्या गरम केल्या, ताटलीत वाढल्या. मी विचारलं, वास कसा आहे गं? "मस्त. स्मोकी." म्हटलं, स्मोकी म्हणजे कसा? "स्मोकी म्हणजे स्मोकी गं आजी. धुराचा."

मला असा राग आला! धुराचा म्हणे. अगं धूर काय एक असतो? बाभळीचा वेगळा, पेरूचा वेगळा, ओल्या लाकडाचा वेगळा, चरबीचा थेंब निखाऱ्यावर पडून उठतो तो तर सगळ्यात वेगळा. पोरगी एवढी शिकली आणि वासाला तिच्याकडं एक शब्द! मी तिला बरंच काय काय बोलले. ती हसत होती. मग मी एक घास खाल्ला. मीठ कळलं, गोड कळलं, मिरीचा चटका कळला. बाकी काही नाही. मी हाड ताटलीत ठेवलं आणि मला एकदम पप्पांची इतकी आठवण आली की उठून आत जावं लागलं. म्हणून हे लिहायला घेतलं आहे. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, आमच्या ह्यांनाही नाही.

माझे पप्पा नगरच्या लष्करी कॅम्पातल्या साहेब लोकांच्या एका मेसमध्ये खानसामा होते. दाविद त्यांचं नाव. मूळचे पारनेरकडचे, बाजरीच्या गावचे. बोलणंही शेवटपर्यंत तिकडचंच राहिलं. आई मिशनच्या बोर्डिंगात शिकलेली, ती आम्हाला 'न्हाई' म्हणू द्यायची नाही, आणि पप्पा तिला मुद्दाम चिडवायला दर वाक्यात दोनदा 'न्हाई' म्हणायचे. मेसच्या मागच्या बाजूला आम्हाला क्वार्टर होतं. दोन खोल्या, पुढं पडवी, मागं अंगण, अंगणात पेरूची दोन झाडं. सकाळी बिगुल वाजला की आई चहा टाकायची. मग मेसच्या मोरीत पातेल्यांचा खणखणाट सुरू व्हायचा, आणि दहाच्या सुमाराला आईचं शिलाई मशीन. आई साहेबांच्या बायकांचे झगे, पडदे, उशांचे अभ्रे शिवायची. कापडाच्या धुळीनं तिला बाराही महिने सर्दी. ही सर्दी लक्षात ठेवा, तिचं पुढं काम आहे.

पप्पा मेसमध्ये पुडिंग करायचे, सूप करायचे, पण घरी आले की म्हणायचे, "मला भाकर दे बाई, आन् ठेचा." थंडीत आईनं हुलग्याचे शेंगोळे केले की ते कढईच खाली घेऊन बसायचे. पण कॅम्पात त्यांचं नाव होतं ते एकाच गोष्टीसाठी, धुरावलेल्या डुकराच्या बरगड्या. ही विद्या त्यांना मेसचे जुने खानसामा, गोव्याकडचे पास्कूमामा, यांनी दिली होती. मी पाहिलं तेव्हा पास्कूमामा थकले होते, खुर्चीवर बसून नुसतं बोटानं दाखवायचे. बदली होऊन गेलेले साहेबसुद्धा वाटेत नगर लागलं तर निरोप धाडायचे, दाविदला सांगा, बरगड्या लाव. नाताळाला मेसचं काम आटपलं की पप्पा बरगड्यांची एक बाजू घरच्यासाठी करायचे. आई केकचं पीठ डब्यात भरून बेकरीत भाजायला द्यायची, करंज्या तळायची, आणि मागच्या अंगणात पप्पांचं पिंप, तळाशी निखारे आणि वर जाळीवर बरगड्या, धुमसत असायचं. माझा नाताळ म्हणजे त्या पिंपाचा वास. तो आला की मी पेरूखाली जाऊन उगाच उभी राहायची. केसांना लागायचा, स्वेटरला लागायचा, आणि दोन दिवस मी केस धुवायला नाही म्हणायची. आई ओरडायची, "काय ध्यान आहे ही मुलगी!"

आता बरगड्या निवडायच्या कशा ते सांगते, कारण आजकाल लोक पाकिटावरचं चित्र बघून घेतात. कॅम्पाच्या मागं ओढ्याकाठी भिवराबाई राहायची, डुकरं पाळायची. मोकाट नाही हं, चांगल्या बांधीव गोठ्यातली. बाजरीची भरड आणि मेसचं उरलंसुरलं घालून तिनं ती पोसलेली असायची. पप्पा तिच्याकडूनच घ्यायचे. पुढ्यात तीन-चार बाजू टांगलेल्या असल्या तरी त्यांची घाई नसायची. चरबी पांढरी पाहिजे, पिवळी दिसली की जनावर म्हातारं. मांस गुलाबी पाहिजे. बोटानं दाबलं की खड्डा भरून यायला पाहिजे. बाजू या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी जाड पाहिजे, नाहीतर एक कड जळते आणि दुसरी कच्ची राहते. आणि हाड वरून उघडं दिसता कामा नये. कापणाऱ्यानं सुरी खोल घातली की मांस सगळं दुसरीकडं जातं, हाडावर नुसता पापुद्रा उरतो. असली बाजू दिसली की पप्पा म्हणायचे, "भिवराबाई, हे काय कंगवा इकायला काढलाय व्हय?" भिवराबाई पदर तोंडाला लावून हसायची, "घ्या वो दाविदभाऊ, तुमच्यासाठी आत ठिवलीय दुसरी."

आणि शेवटची परीक्षा दाभणाची. डुक्कर नर असलं आणि वेळेवर खच्ची केलेलं नसलं, तर त्याच्या चरबीत एक उग्र वास बसतो. कच्च्या मांसात तो कळत नाही, बघून तर मुळीच कळत नाही. गरम झालं की उठतो, घामट, मुताचा, नको नको होतो. पप्पांनी गोणी शिवायच्या दाभणाला लाकडी मूठ बसवून घेतली होती. भिवराबाईच्या चुलीत ते तापवायचं, चरबीला टेकवायचं, चर्र होऊन बारीक धूर निघाला की नाकाखाली धरायचं. वास गोडसर, तुपासारखा आला तर घ्यायचं. नाहीतर नमस्कार करून परत.

मी सातवीत असताना पप्पा मेसच्या मागच्या पायऱ्यांवरून घसरले. शेवाळ होतं. डोक्याचा मागचा भाग दगडावर आपटला. टाके पडले, आठवड्यात जखम भरली, पप्पा कामावर गेले. सगळं बरं झालं असं आम्हाला वाटलं. एका सकाळी आई पाण्याला गेली होती आणि पप्पा स्टोव्हशेजारी बसून दाढी करत होते. मी अंगणातून आत आले तर दूध उतू जाऊन, करपून, स्टोव्हवर काळा थर! खोलीभर वास. आणि पप्पा हातभर अंतरावर बसून गालाला साबण लावतायत. मी ओरडले, "पप्पा, दूध!" त्यांनी वळून बघितलं. दुधाकडं बघितलं, मग माझ्याकडं. मग त्यांनी ते करपलेलं पातेलं उचललं, नाकाशी धरलं आणि धरूनच ठेवलं. एवढ्या मोठ्या माणसाला असं घाबरलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

ज्याला वासच कळत नाही असा खानसामा म्हणजे काय हे आम्हाला तिघांनाही न सांगता कळत होतं. मेसला कळलं तर काम जाणार, आणि काम गेलं तर क्वार्टर जाणार. पण मला वाटतं पप्पांना त्याचं एवढं नव्हतं. दाविदच्या हाताला चव आहे असं लोक म्हणायचे, ते जाईल याची त्यांना धास्ती होती. मीठ-मिरची जिभेला कळत होती, फोडणी कानाला कळत होती, धूर तर ते डोळ्यांनीच ओळखायचे. दाट पांढरा निघाला की कडू, बारीक निळसर निघाला की बरोबर. अडत होतं ते दाभणाशी. आई सर्दीची. राहिले कोण? मी. पप्पा एक दिवस म्हणाले, "रुते, आजपासून तू माजं नाक."

मला काय मिरवल्यासारखं झालं होतं! शाळेत कुणाला सांगायची सोय नव्हती, पण मनातल्या मनात मी मेसची अर्धी खानसामीण झाले. शुक्रवारी शाळा सुटली की मी पप्पांच्या सायकलवर मागं बसून ओढ्याकाठी. भिवराबाईला वाटायचं, पोरीला शिकवतायत. पप्पा दाभण तापवायचे, टेकवायचे, माझ्या नाकाखाली धरायचे. "सांग." मी सांगायची. त्यांना नुसतं चांगलं-वाईट चालत नसे. "चांगलंय म्हंजी कसं? सांग की नीट." मग मी शोधून शोधून सांगायची. भाजलेल्या शेंगदाण्यासारखं, साईसारखं, पावसात भिजलेल्या घोंगडीसारखं. ते डोळे मिटून ऐकायचे. तीन वर्षं आमचं हे चाललं आणि कुणाला पत्ता लागला नाही. फक्त कधी कधी, मी पलीकडं गेले असं वाटलं की, पप्पा ते तापलेलं दाभण स्वतःच्या नाकाखाली धरून उभे राहायचे. बराच वेळ. मी बघितलेलं आहे.

दहावीच्या वर्षी आमच्या चर्चच्या पोरापोरींची सहल निघाली, भंडारदऱ्याला, दोन दिवसांची. शनिवारी सकाळी निघायचं, रविवारी संध्याकाळी परत. तुम्ही म्हणाल भंडारदरा तो काय, नगर जिल्ह्यातलाच. पण मी जन्मात एवढं पाणी पाहिलेलं नव्हतं. आमच्याकडं पाणी म्हणजे हंडा, बादली आणि ओढ्यातली चार डबकी. धरण, डोंगर, होडी... मी महिनाभर दुसरं काही बोलतच नव्हते. आईनं माझ्यासाठी नवा फ्रॉक शिवला. माझ्या पिशवीचा बंद तुटला होता, तो पप्पांनी स्वतः बसून जाड दोऱ्यानं शिवून दिला, त्याच दाभणानं. पिशवी भरून मी गुरुवारीच दाराशी ठेवली होती.

त्याच रविवारी मेसमध्ये मोठं जेवण होतं, दुपारचं. मोठे साहेब बदलून चालले होते, त्यांनी खास सांगितलं होतं, निरोपाला दाविदच्या बरगड्या. शुक्रवारी आम्ही नेहमीसारखे भिवराबाईकडं गेलो. तिच्याकडं एकाच जनावराचं मांस होतं. पप्पांनी बाजू उलटसुलट करून पाहिल्या. चरबी पांढरी, मांस गुलाबी, जाडी एकसारखी. त्यांचा चेहरा खुलला. पण भिवराबाई सरळ बाई. ती म्हणाली, "दाविदभाऊ, खरं सांगते. ह्यो लई उशिरा खच्ची केल्याला हाय. वासाचं तेवढं बघून घ्या. न्हाई पटलं तर ठिवा, माजं काय म्हननं न्हाई."

"मग?" पप्पा म्हणाले. "दुसरं कुठं?"

"आता दुसरं उंद्या पारनेराकडंच. तुमच्या भावकीत हायती की पाळनारे."

उद्या म्हणजे शनिवार. पारनेरकडं जायचं म्हणजे एस.टी.नं दिवस मोडणार. आणि पप्पा एकटे जाऊन काय उपयोग? नाक तर माझ्याजवळ होतं. मला हे सगळं एका क्षणात कळलं. पप्पांनी दाभण चुलीतून काढलं, चरबीला टेकवलं, चर्र झालं, आणि माझ्या नाकाखाली धरलं.

तो वास होता. अगदी थोडा, पण होता. मागून हळूच येणारा, गोठ्याच्या कोपऱ्यातला. मला आजही तो तसाच आठवतो. येत काहीच नाही, आठवतो मात्र सगळा.

"सांग," पप्पा म्हणाले.

"चांगलंय."

"नक्की?"

"हो पप्पा. चांगलंय."

कसं, ते त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही. माझ्याकडं एकदा बघितलं आणि भिवराबाईला म्हणाले, "बांध."

घरी आल्यावर मी शहाण्यासारखी मदतीला बसले. मन खात होतं म्हणून असेल. बरगड्यांच्या आतल्या अंगाला एक पातळ, चिवट पापुद्रा असतो. तो तसाच ठेवला तर मसाला आत शिरत नाही, धूरही शिरत नाही आणि खाताना दाताखाली कातडं येतं. पप्पा चमच्याचं शेपूट हाडाच्या कडेला घालून त्याचं एक टोक सोडवायचे. मग ते निसरडं टोक गोणपाटाच्या तुकड्यात पकडायचं आणि एका दमात ओढायचं. सर्रकन आवाज करत अख्खा निघाला की पप्पा म्हणायचे, "शाब्बास!" मग लोंबणारे तुकडे कापून रश्शाला बाजूला काढायचे, कापडानं टिपून बाजू कोरडी करायची. जाडं मीठ, किसलेला गूळ, ठेचलेली मिरी, धने, लसूण, हे सगळं हातानं चोळायचं. घाशीत सुटायचं नाही. "बाळाला तेल लावतो तसं," पप्पा म्हणायचे. त्या दिवशी पापुद्रा मीच ओढला, दोन्ही बाजूंचा, एकदाही न तुटता. पप्पा शाब्बास म्हणाले. मला तोंड वर करून बघवेना.

शनिवारी सकाळी मी गेले. आणि आता खरं लिहायचं तर लिहिते. भंडारदऱ्याला मला पप्पांची आठवणसुद्धा झाली नाही. एवढं पाणी बघून मी वेडी झाले होते. आम्ही होडीत बसलो, करवंदाच्या जाळीत शिरून फ्रॉक फाडून घेतला, गाणी म्हटली. रविवारी दुपारी, जेव्हा इकडं मेसमध्ये ताटं वाढली जात होती, तेव्हा मी गुडघाभर पाण्यात उभी राहून मैत्रिणीच्या अंगावर पाणी उडवत होते. माझ्या आयुष्यातले फार सुंदर दोन दिवस होते ते. याची मला लाज वाटते आणि ते दिवस सोडवतही नाहीत.

संध्याकाळी घरी आले तर पिंप थंड. अंगणात राख तशीच पडलेली. पप्पा मोरीपाशी उकिडवे बसून जाळीच्या सळया घासत होते, घासलेल्याच पुन्हा घासत होते. "आली का? पानी बघितलं?" एवढंच म्हणाले. आत आईनं मला सांगितलं. ताटं गेली, झाकणं निघाली आणि गरम बरगड्यांचा वास टेबलभर पसरला. पहिल्यांदा एका बाईनं रुमाल नाकाला लावला. मग कुणी घास तोंडात घेऊन थांबलं. मोठ्या साहेबांनी काटा खाली ठेवला आणि स्वतः उठून आत आले. ओरडले नाहीत. म्हणाले, "दाविद, हे काय? तुला वास नाही आला?"

भिवराबाईचं नाव घेता आलं असतं. डुकराला उशिरा खच्ची केलं होतं, ते सांगता आलं असतं. माझं नाव तर घ्यायलाच हवं होतं. आई म्हणाली, "ते म्हणाले, नाही साहेब, मला वास येत नाही. तीन वर्षं झाली. मी लपवलं."

साहेब चांगला माणूस असावा. त्यांनी महिनाभर क्वार्टर राहू दिलं. पण स्वयंपाकघर त्याच दिवशी सुटलं. पप्पांनी एप्रन धुऊन, इस्त्री करून परत केला. आम्ही शहरात चर्चजवळ एका खोलीत आलो, पप्पा एका वसतिगृहात माळी आणि गेटवाले झाले. कॅम्पाच्या रस्त्यानं पुन्हा कधी गेले नाहीत. कॅम्पापलीकडं भिंगारला काम निघालं तर लांबचा वळसा घालायचे. मी आईला काही बोलले नाही. पप्पांना तर नाहीच. दिवसभर ते गुलाबाच्या कुंड्यांना पाणी घालायचे, आणि लोक म्हणायचे, काय सुंदर वास आहे हो दाविदभाऊ या फुलांना. पप्पा म्हणायचे, "व्हय, लई छान."

वर्ष गेलं. नाताळ आला. मला वाटलं या वर्षी काही नसणार. पण पप्पा एका सकाळी म्हणाले, "रुते, चल." सायकलवर मागं बसवून ओढ्याकाठी घेऊन गेले. भिवराबाईनं मला जवळ घेतलं, म्हणाली, "केवढी झाली गं पोर." पप्पांनी एकच बाजू निवडली, घरच्यासाठी. खिशातून दाभण काढलं. चुलीत घातलं. चरबीला टेकवलं आणि माझ्या नाकाखाली धरलं.

"सांग."

मला रडूच कोसळलं. "मला नका विचारू पप्पा. मी नाही सांगणार."

"मग कुनाला इचारू? तुज्या आईला? तिचं नाक तर पानचक्कीवानी चाललंय."

भिवराबाई हसली. मी हसू आणि रडू एकदमच करत होते. तिथंच, चुलीपुढं, मी सगळं सांगून टाकलं. मला वास आला होता, मी खोटं बोलले, मला सहलीला जायचं होतं. एका दमात सांगितलं आणि मार खायला उभी राहिले.

पप्पा दाभण पुन्हा चुलीत घालत म्हणाले, "मला म्हाईत हाय."

"कसं?"

"आगं येडे, मी काय दाभनाकडं बघायचो व्हय? तुज्या नाकाकडं बघायचो. वास वंगाळ आसला की तुजी डावी नाकपुडी उडती. तीन वरसं तेच बघून घेतलं मी. तू तोंडानं सांगायच्या आधी मला कळल्यालं आसायचं. त्या दिवशी बी उडली."

"मग तुम्ही घेतलं कशाला?"

त्यांनी निखारे सारले. "तू म्हनलीस चांगलंय. तुजी पिशवी दाराशी भरून ठिवल्याली, बंद मीच शिवला हुता. म्हनलं, पोरगी चांगलं म्हन्ती तर चांगलं. पास्कूमामा सांगायचा, थोडाबहुत वास धुरात जातो. वाटलं जाईल." मग ते हसले. "न्हाई गेला."

मग त्यांनी दाभण पुन्हा चरबीला टेकवलं आणि माझ्यापुढं धरलं. "आता खरं सांग. आन् नीट सांग." मी सांगितलं. भाजलेल्या शेंगदाण्यासारखा, थोडा गुळासारखा. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. त्या वर्षी मी पिंपाजवळून दिवसभर हलले नाही, आणि दर घटकेला ते विचारायचे, "आता कसाय? आता?" त्यानंतर ते होते तोवर दर नाताळाला मी सासरहून येऊन त्यांना धूर सांगत आले. शेवटच्या वर्षी ते खाटेवर होते, मी दारातून सांगत होते आणि ते आतून म्हणत होते, "अजून सांग." मला तेव्हा वाटायचं, म्हाताऱ्याला काय ही हौस! आता कळतं. मला आता कुणी सांगायला हवंय.

इथवर लिहून झालं आणि मला राहवेना. काल रियाला म्हटलं, पाकीटबिकीट नको, मला बाजारातून कच्च्या बरगड्यांची एक बाजू आणून दे. ती कुरकुरली, पण गेली. बाजू बरी होती; पांढरी चरबी, हाड झाकलेलं. आमच्या गॅलरीत पिंप लावलं तर सोसायटी मला बाहेर काढेल, ते मला माहीत आहे. मला फक्त दाभण टेकवायचं होतं. पप्पांचं ते दाभण माझ्या शिवणाच्या डब्यात आहे, मुठीसकट. गॅसवर तापवलं, चरबीला टेकवलं. चर्र झालं. तेवढं मला ऐकू आलं. मी ते रियाच्या नाकाखाली धरलं.

"सांग."

"आजी, हे काय चाललंय तुझं?"

"तू सांग."

खाली तिच्या मैत्रिणी स्कूटर घेऊन आल्या होत्या, हॉर्न वाजवत होत्या. तिची सॅक खांद्यावर, हेल्मेट हातात. सकाळपासून भंडारदरा, भंडारदरा चाललं होतं पोरींचं, काजवे नाहीत तर नाहीत, तंबूत राहणार म्हणे. मी तिच्या तोंडाकडं बघत होते. आणि तिची नाकपुडी उडाली. डावीच. माझ्या पप्पांची शपथ घेऊन सांगते, डावीच.

"छान आहे गं," ती म्हणाली. "एकदम छान. आज्जी, जाऊ मी?"

तिला काय, म्हातारीचं मन राखायचं होतं आणि निघायचं होतं. वास वाईट आहे म्हटलं असतं तर मी तिला पुन्हा बाजारात पिटाळलं असतं, आणि तेही तिला ठाऊक होतं. माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. मी तिची सॅक पाहिली. एक बंद उसवत आला होता.

"चांगलं म्हणतेस तर चांगलं," मी म्हणाले. "थांब, एवढा बंद शिवून देते, मग जा."

ती गेली. जिना उतरल्याचा आवाज आला, हसण्याचा आला, स्कूटर लांब गेली. मी दाभण परत गॅसवर तापवलं, चरबीला टेकवलं, आणि घरात कुणी नव्हतं म्हणून माझ्या नाकाखाली धरून बराच वेळ उभी राहिले.